हाताने केलेल्या दागिन्यांची अदलाबदल: घरच्या घरी, भीड बाजूला ठेवून

ज्यांना दागिने करायचा नाद आहे त्यांच्या कपाटात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे हौसेने केलेले पण स्वतः कधीच न घातलेले आठ-दहा दागिने, आणि दुसरी म्हणजे शंभर मण्यांच्या पाकिटातले बारा वापरून उरलेले अठ्ठ्याऐंशी मणी. करताना मजा येते म्हणून ठुशीवर ठुशी होत राहते, गळा मात्र एकच असतो. असा नाद असलेल्या चार-सहा जणी ओळखीत असतील तर एक दुपार ठरवून दागिन्यांची अदलाबदल करावी. विक्रीची कटकट नाही, प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं नाही आणि भाव ठरवताना होणारी चिडचिडही नाही.

अडतं ते एकाच ठिकाणी, भिडेपाशी. समोर बसलेल्या मैत्रिणीने जागून केलेला हार ‘मला नको’ म्हणून तिच्या तोंडावर नाकारणं आपल्याकडे कुणाला जमत नाही. मग ‘तू घे’, ‘नाही गं, तूच घे’ असं अर्धा तास चालतं. नाहीतर भिडेखातर कुणीतरी नको ती वस्तू उचलते आणि ती त्याच कागदात गुंडाळलेली पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाला जाते. खाली चिठ्ठ्या, चिंचोके, क्रमांक असा जो पसारा मांडला आहे, तो या भिडेवरचाच इलाज आहे. घरगुती कार्यक्रमाला एवढे नियम कशाला, असं वाटलं तरी ते गाळू नका.

कोण, किती आणि कधी

सहा ते दहा जणी पुरतात. सहाच्या खाली टेबल रिकामं दिसतं, दहाच्या वर फेऱ्या इतक्या लांबतात की निम्म्या जणी स्वयंपाकघरात गप्पा मारायला जातात. संख्येपेक्षा महत्त्वाचं म्हणजे काम वेगवेगळं हवं. सगळ्याच टेराकोटावाल्या असतील तर बदलणार काय? एक रेशमी धाग्यात काम करणारी, एक मोत्यांची, एक खणाच्या नाहीतर पैठणीच्या तुकड्यांतून पेंडंट करणारी, एक तारकामवाली, एक मॅक्रमेची म्हणजे दोऱ्याला गाठी मारून काम करणारी, एक पॉलिमर क्लेची, असा मेळ जमला तर प्रत्येकीला स्वतःला न येणारं काहीतरी मिळतं.

याशिवाय दागिने न करणारी एक व्यक्ती हवीच. सासूबाई, कॉलेजात जाणारी भाची, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. यजमानीणबाईंच्या नवऱ्यानेही हे काम उत्तम पार पाडलेलं मी पाहिलं आहे. चिठ्ठ्या उचलणं, यादी सांभाळणं आणि वाद झालाच तर निकाल देणं हे त्या व्यक्तीचं काम. खेळणाऱ्यांपैकीच कुणी पंच झालं की भीड पुन्हा मागच्या दाराने आत येते.

वेळ दिवसाउजेडाची ठेवा. रेशमी धाग्यांचे आणि मण्यांचे रंग पिवळ्या दिव्याखाली फसवतात. संध्याकाळी मोरपंखी वाटलेला गोंडा सकाळी चक्क हिरवा निघतो. रविवारी दुपारी तीन ते सहा, मोठ्या खिडकीजवळ, हे सोयीचं पडतं. नवरात्र, दिवाळी किंवा संक्रांत यांच्या आधी दोन-तीन आठवडे धरले तर दागिना लगेच अंगावर येतो आणि दुरुस्ती करायची असेल तर तेवढा वेळही मिळतो. ऐन सणाच्या आठवड्यात बोलावलंत तर घर आवरण्याच्या गडबडीत कुणी येणार नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालू असतात, त्यातच हे उरकावं असं बऱ्याच जणींच्या मनात येतं. माझं मत उलट आहे. हळदीकुंकू म्हटलं की अजूनही अनेक घरांत कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही हा भेद आलाच. दागिने करणारा हात सवाष्णीचा आहे का, हा प्रश्न इथे उठताच कामा नये. त्यामुळे कार्यक्रम वेगळा ठेवा.

निरोप

निरोपातच सगळं स्पष्ट असलं की दारात आल्यावर कुणाला ओशाळं व्हावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर साधारण असं लिहा:

‘रविवारी तीन वाजता माझ्याकडे दागिन्यांची अदलाबदल. प्रत्येकीने स्वतः केलेले चार ते सहा दागिने आणायचे, न वापरलेले किंवा एखाद-दुसऱ्या वेळी घातलेले. विकत घेतलेले नकोत. सोनं, चांदी, खरे खडे नकोत. पैशांचा व्यवहार नाही. उरलेले मणी, सुटे हुक, जोडीतला एकच उरलेला कानातला, सगळं एका पिशवीत आणा. येताना बांगडीचं माप पाहून या. खाणं अदलाबदल झाल्यावर, उपाशी येऊ नका.’

तयार पेंडंट आणून त्याला माळ ओवली तर ते ‘स्वतः केलेलं’ का, हा प्रश्न येणारच. माझं उत्तर हो असं आहे, फक्त तसं चिठ्ठीवर लिहिलेलं हवं. सोन्या-चांदीला मात्र ठाम नकार द्या. वस्तू खरी असली की मनात लगेच वजन आणि भाव सुरू होतो, आणि पुढे घरच्यांचे प्रश्न.

काय आणू नये

मैत्रिणीला द्यायची वस्तू आठवडाभर आधी स्वतः तपासा. रेझिनवर नख दाबल्यावर खूण उमटली तर ते अजून पुरतं जमलेलं नाही, बाजूला ठेवा. टेराकोटा नीट भाजलेला हवा. नुसता उन्हात वाळवलेला मातीचा दागिना घामाने विरघळतो. इलॅस्टिकमध्ये ओवलेलं ब्रेसलेट वर्षभर पडून असेल तर ते नवीन इलॅस्टिकमध्ये पुन्हा ओवून आणा, नाहीतर मणी दुसरीच्या ऑफिसात जमिनीवर विखुरतील. ग्लू गनने चिकटवलेले खडे हलक्या हाताने ओढून बघा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती चिकटवण मऊ पडते आणि खडा सुटतो.

चिठ्ठीवर काय लिहायचं

प्रत्येक दागिन्याला दोऱ्याने एक छोटी कागदी चिठ्ठी बांधायची. तिच्यावर क्रमांक, साहित्य, माप आणि सांभाळायची एक सूचना, एवढंच. करणारीचं नाव नको. कुणाचा दागिना कुठल्या क्रमांकाचा आहे ती यादी फक्त पंचाकडे राहील. मैत्रिणी एकमेकींचा हात दुरूनच ओळखतात हे खरं, तरी कागदावर नाव नसलं की न घेणं बरंच सोपं जातं.

मापाच्या बाबतीत आळस नको. गळ्यातल्याची लांबी इंचांत लिहा. चोकर साधारण चौदा ते सोळा इंचांचा, गळ्याच्या हाडाखाली येणारी माळ अठराच्या आसपास. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी यांना मागे सरकता गोंडा असला तर लांबीची काळजीच मिटते. म्हणूनच अदलाबदलीसाठी मुद्दाम काही करायला घेणार असाल तर गोंड्याचा दागिना करा, तो कुणाच्याही गळ्यात बसतो.

बांगड्यांची मापं पुष्कळ जणींना तोंडपाठ असतात, पण त्यांचा अर्थ माहीत नसतो. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच नव्हे. इंचाचे सोळा भाग धरायचे आणि दोन इंच अधिक त्यातले चार भाग घ्यायचे, म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. २.६ म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर आणि २.८ म्हणजे बरोबर अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर. म्हणूनच २.८ च्या पुढचं माप २.१० येतं, ते लहान नसून मोठं असतं. प्लास्टिकच्या बांगडीवर रेशमी धागा गुंडाळला की आतली जागा आणखी कमी होते, म्हणून मूळ बांगडीवरचा आकडा उतरवू नका. काम पूर्ण झाल्यावर पट्टी आडवी धरून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा.

कानातल्यांचं वजन लिहा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक कानातलं ठेवलं की झालं. एका कानाला दहा ग्रॅमच्या पुढे गेलं तर ते रोजच्या वापराचं नाही हे घेणारीला कळायला हवं. अशा झुमक्यांबरोबर वेल जोडून दिलेत तर फारच छान. हुक कसला आहे तेही लिहा. स्वस्त हुकांत बहुधा निकेल असतं आणि ते अनेकींच्या कानांना सोसत नाही, खाज येते, पाणी सुटतं. नथ असेल तर दाबाची की टोचलेल्या नाकाची, हे ठळक लिहा.

दर्जा, किंमत नव्हे

खणाचं छोटं टॉप्स आणि चार पदरी मोत्यांचा लफ्फा यांची सरळ अदलाबदल कुणालाच न्याय्य वाटणार नाही. पण रुपयांत किंमत लावायला गेलात की मैत्रीत बाजार शिरतो. त्यावर उपाय तीन दर्जांचा: सोपं काम एक, मध्यम दोन, किचकट तीन. दर्जा ठरवताना लागलेला वेळ बघायचा, साहित्य किती महाग होतं ते नाही. रविवार पेठेतून किंवा भुलेश्वरहून महागडे मणी आणून अर्ध्या तासात ओवलेली माळ एकच्याच घरात बसते.

दर्जा करणारीनेच सांगायचा आणि पंचाला तो फक्त वाढवता येईल, कमी करता येणार नाही. याला कारण आहे. ‘काही नाही गं, वेळ जात नव्हता म्हणून केलं’ असं म्हणत तीनचं काम एकमध्ये टाकणाऱ्या आपल्यात खूप असतात. उलट स्वतःच्या वस्तूचा दर्जा चढवून सांगणारी क्वचितच भेटते, आणि भेटलीच तर तिचं तिला लखलाभ, कुणी घेणार नाही इतकंच.

प्रत्येकीला तिच्या दागिन्यांच्या एकूण दर्जाइतके चिंचोके द्या. पाच दागिने आणले आणि त्यांचे दर्जे मिळून आठ झाले तर आठ चिंचोके. चिंचोके नसतील तर कवड्या, राजमा, काहीही. टेबलावर जेवढा माल तेवढेच चिंचोके लोकांच्या हातात, म्हणून हिशेब कधी चुकत नाही.

मांडणी

गडद रंगाची साधी सुती चादर अंथरा. नक्षीच्या चादरीवर नाजूक काम हरवतं. बांगड्या लाटण्यात ओवून ते दोन डब्यांवर आडवं ठेवा. अंगठ्या आणि नथी तांदळाने भरलेल्या वाटीत खोचा, छान उभ्या राहतात. भरतकामाच्या रिंगमध्ये मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला की लोंबती कानातली त्यात अडकवता येतात आणि जोडी सुटत नाही. हात-आरसा एक पुरत नाही, निदान दोन ठेवा. खुर्च्या टेबलाला लावू नका, लोकांना चहूबाजूंनी फिरता आलं पाहिजे.

टेबलाजवळ खाणं अजिबात नको. भजी, वडे, चिवडा, एवढंच काय तूप लावलेली पोळीसुद्धा नंतर. रेशमी धाग्यावर आणि खणावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही. सुरुवातीला चहा किंवा कोकम सरबत, तेही दुसऱ्या खोलीत.

प्रत्यक्ष अदलाबदल

पहिला अर्धा तास फक्त बघायचा. गळ्यातलं आणि हातातलं घालून पाहायला हरकत नाही. कानातलं मात्र कानाजवळ धरून आरशात पाहायचं, घालायचं नाही. या वेळात कुणी ‘हे मी घेणार हं’ असं जाहीर करायचं नाही. हा नियम मोडायला एक क्षण लागतो आणि मोडला की बाकीच्या भिडेपोटी त्या वस्तूवरून नजर काढून घेतात, म्हणून पंचाने सुरुवातीलाच जरा कडक आवाजात सांगावं.

मग प्रत्येकीने एका कागदावर स्वतःचं नाव आणि सर्वांत आवडलेल्या दोन दागिन्यांचे क्रमांक लिहायचे, पहिली पसंती वर, दुसरी खाली. कागद घडी घालून पंचाकडे. पंच आधी पहिल्या पसंत्या बघतो. एखादा दागिना एकीनेच मागितला असेल तर तो तिचा, चिंचोके मोजून द्यायचे आणि विषय संपला. दोघी-तिघींनी मागितला असेल तर त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून एक उचलायची. जिची चिठ्ठी निघाली नाही तिची दुसरी पसंती अजून मोकळी असेल तर ती तिला मिळते. तीही गेली असेल तर पुढच्या फेरीत पहिला नंबर तिचा. या एका टप्प्यात सगळ्यांत हवेहवेसे दागिने वाटले जातात आणि ‘तू घे’ म्हणायची वेळच येत नाही, कारण निवड चिठ्ठीने केलेली असते.

पुढे फेऱ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या फेरीत एक ते आठ असा क्रम असेल तर दुसरीत आठ ते एक, तिसरीत पुन्हा एकपासून. शेवटचा नंबर लागलेलीला त्यामुळे लागोपाठ दोन संधी मिळतात आणि रडगाणं राहत नाही. आपली पाळी आली की एक दागिना उचला किंवा ‘पास’ म्हणा. पास का, हे विचारायचं नाही. आठ जणी आणि चाळीसेक दागिने असतील तर पाऊण तासात फेऱ्या आटपतात. जेव्हा एका पूर्ण फेरीत सगळ्या पास म्हणतात तेव्हा थांबायचं.

या वेळी काहींच्या हातात चिंचोके उरलेले असतील आणि टेबलावर तितक्याच मोलाचे दागिने. चिंचोक्यांची वाट सोपी आहे. निरोपात सांगितलेल्या पिशव्या आता एका परातीत ओता: मणी, कॅप, सुटी पेंडंट, तुटलेल्या साखळ्या, दोऱ्याच्या अर्ध्या रिळा, जोडीदार हरवलेले झुमके. एका चिंचोक्याला एक मूठ. खरं सांगायचं तर पुष्कळ जणींचा दागिन्यांपेक्षा इथेच जास्त जीव गुंततो. कुणाचे बारा सोनेरी मणी कमी पडत होते ते नेमके इथे निघतात. ज्यांचे चिंचोके संपलेत त्यांनाही एक मूठ द्या, परातीत माल कमी नसतो.

उरलेल्या दागिन्यांचं काम नाजूक आहे. कुणाचे किती राहिले हे कुणी मोजू नये. सगळ्या खायला उठल्या की पंचाने यादी बघून ते ज्याच्या त्याच्या डब्यात गुपचूप ठेवून द्यावेत आणि चादर उचलावी. ‘हे कुणाचं राहिलं?’ असा पुकारा करणारी व्यक्ती पंच म्हणून निवडू नका.

दुरुस्तीचा कोपरा

खाणं झाल्यावर, हात साबणाने धुऊन, एका ताटात दोन चपट्या तोंडाच्या पकडी, एक गोल तोंडाची पकड, कटर, जंप रिंग (हुक अडकवायच्या तारेच्या बारीक कड्या), सर्जिकल स्टीलचे हुक, मेणाचा दोरा आणि स्पिरिटचे बोळे घेऊन बसा. आता नावं उघड झालेली असतात, तेव्हा जिने दागिना केला तिनेच नव्या मालकिणीच्या अंगावर तो बसवून द्यायचा. दुकानात ही सोय सहसा मिळत नाही.

हुक बदलताना जंप रिंगची दोन टोकं डावी-उजवीकडे ओढू नका, गोलाई बिघडते आणि नंतर बारीक फट राहते. रिंगचा जोड वर येईल अशी ती दोन पकडींत धरा. एक टोक स्वतःकडे आणा, दुसरं पलीकडे ढकला, जुना हुक काढून नवा अडकवा. बंद करताना त्याच रेषेत परत आणा, टोकं एकमेकांच्या किंचित पुढे न्या आणि मग मागे घ्या. ती घासून समोरासमोर बसल्याचं बोटांना कळतं. मग नख फिरवून बघा. नख कुठे अडलं नाही तर मोत्याची तारही निसटणार नाही.

कानातल्यांचे हुक स्पिरिटने पुसून द्या, पण बोळा धातूपुरताच राहू द्या. रंगवलेल्या मातीला आणि रेझिनला तो लावू नका, रंग किंवा चकाकी जाते. निकेलचा त्रास असलेल्यांनी हुक तिथेच बदलून घ्यावा; नखाला लावायचं पारदर्शक पॉलिश हा तात्पुरता उपाय आहे, काही दिवसांत निघून जातो. मोत्याची माळ लहान करायची असेल तर घाईने गाठ कापू नका, ती घरी नेऊन सावकाश करा किंवा सरळ दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे द्या.

हलव्याच्या दागिन्यांबद्दल

जानेवारीच्या सुरुवातीला जमणार असाल तर हलव्याच्या दागिन्यांचं एक वेगळं टेबल लावता येईल, पण त्यांना वरचे नियम लागू नाहीत. ते घातले जातात काही तासांसाठी, नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला किंवा बाळाच्या बोरन्हाणाला. म्हणून ते कायमचे न देता ‘यंदा कुणाच्या घरी आहे?’ विचारून वापरायला द्यावेत. साखर हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे घट्ट झाकणाचा डबा हवा आणि मुंग्यांपासून लांब जागा. पावसाळ्यापर्यंत ते राखून ठेवायच्या भानगडीत पडू नका. मुकुट, हार, बाजूबंद यांचे पुठ्ठ्याचे सांगाडे मात्र जपा, पुढच्या वर्षी नवा हलवा चिकटवता येतो.

नंतर

दोन गोष्टी त्याच दिवशी बोलून घ्या. पहिली, महिन्याभरात काही तुटलं तर करणारी विनामूल्य दुरुस्त करून देईल, सामान लागलं तर ते घेणारीचं. दुसरी, मिळालेला दागिना पुढे भेट द्यायला हरकत नाही, विकायला आहे. हे आधी बोललेलं नसलं की सहा महिन्यांनी कुणाच्या तरी स्टॉलवर आपली ठुशी दिसते आणि मग बोलणंच बंद होतं. नमुना पाहून तसाच दागिना स्वतःसाठी करायला मात्र मोकळीक ठेवा. ठुशी काय किंवा बकुळीहार काय, आपण सगळ्याच कुणाचं तरी बघून शिकलेल्या असतो.

पुढची तारीख त्याच उत्साहात ठरवू नका. प्रत्येकीकडे पुन्हा चार-पाच नवे दागिने साठायला निदान सहा महिने लागतात. लवकर बोलावलंत तर मागच्या वेळी उरलेलेच टेबलावर परत येतात.